विश्लेषण : मानसिक आजार असलेल्या विद्यार्थ्याची पदवी नेमकी कुठे अडते?

कॉलेजांत समुपदेशक नेमले जात आहेत, भिंतींवर हेल्पलाइनचे क्रमांक लागत आहेत. हे चांगलंच आहे. पण नैराश्य, बायपोलर किंवा तीव्र चिंतेच्या आजाराशी झगडणाऱ्या मुलामुलींची पदवी अनेकदा समुपदेशकाच्या खोलीत अडत नाही. ती अडते हजेरीच्या रजिस्टरवर, सबमिशनच्या तारखेवर आणि ‘टर्म ग्रँट नाही’ या एका शेऱ्यावर. उपचार सुरू ठेवून शिक्षण पुरं करायचं तर नियमांत कुठे जागा आहे, ती कशी वापरायची आणि कॉलेजांनी अजून काय करायला हवं, हे समजून घेऊ.

एक सत्र वाया जातं ते कसं?

समजा, सेकंड इअर इंजिनीअरिंगची एक विद्यार्थिनी आहे. घर लातूर जिल्ह्यात, कॉलेज पुण्यात. ऑगस्टपासून तिची झोप उडते, सकाळी उठवत नाही, लेक्चरला बसली तरी शब्द डोक्यात शिरत नाहीत. आधी आठवडाभर ‘कंटाळा’ म्हणून जातो. मग दोन प्रॅक्टिकल बुडतात. फाइल सर्टिफाय झालेली नसते, म्हणून ती त्या सरांसमोर जायचं टाळते. मग तो विषयच टाळते. ऑक्टोबरमध्ये डिफॉल्टर लिस्ट लागते आणि तिचं नाव वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतं. टर्म ग्रँट होत नाही, परीक्षेला बसता येत नाही, वर्ष जातं. हॉस्टेलची खोली, शिष्यवृत्ती आणि सोबतची बॅच, तिन्ही हातातून निसटायला लागतात.

यात कुणी तिला कॉलेजातून काढलेलं नाही. प्रत्येक पायरीवर एक साधा, सगळ्यांना लागू असलेला नियम आहे. फक्त त्या नियमांना आजार दिसत नाही.

हिशेब कुठे चुकतो?

साधं गणित करून पाहू. एका सत्रात साधारण ९० अध्यापनाचे दिवस धरले जातात. ७५ टक्के हजेरीची अट म्हणजे २२ दिवस बुडवता येतात. आता आजाराची बाजू. नैराश्याचं निदान करण्यासाठी लक्षणं किमान दोन आठवडे टिकलेली असावी लागतात. औषध सुरू झाल्यावर त्याचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. मधला चार आठवड्यांचा आकडा धरला, तर लक्षणं सुरू झाल्यापासून थोडं बरं वाटेपर्यंत किमान सहा आठवडे जातात. आठवड्याचे पाचच दिवस मोजले तरी ३० दिवस होतात.

म्हणजे विद्यार्थिनी पहिल्याच दिवशी योग्य डॉक्टरकडे गेली, पहिलंच औषध लागू पडलं आणि तिने एकही गोळी चुकवली नाही, तरीही ती हजेरीत बसेलच असं नाही. प्रत्यक्षात डॉक्टरपर्यंत पोहोचायलाच महिने जातात. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांसाठी उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्क्यांदरम्यान आढळलं होतं.

बायपोलर आजारात वेगळा पेच असतो. सलग रात्री जागणं हे उन्मादाचा झटका येण्याचं एक ज्ञात कारण आहे. आणि आपल्याकडे सबमिशनचा आठवडा म्हणजे जागरणाचा आठवडा. काही औषधांनी सकाळी गुंगी राहते, तर पहिलं लेक्चर अनेक ठिकाणी आठ-साडेआठला असतं. हे आळशीपणाचं लक्षण नाही. पण हजेरीच्या रकान्यात दोन्ही सारखेच दिसतात.

वयाचाही संबंध आहे. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात पंचविशीच्या आत होते. पदवीची वर्षं नेमकी त्याच काळात येतात. त्यामुळे हा दोन-चार अपवादात्मक मुलांचा प्रश्न नाही. तो थोड्याफार प्रमाणात प्रत्येक वर्गात असतो.

कायदा काय सांगतो?

विद्यार्थी आणि पालकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट म्हणजे कायदा बराच पुढे गेलेला आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे आणि त्यात मानसिक आजारही आहे. शैक्षणिक संस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करावेत, असं हा कायदा सांगतो. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्यांसाठी शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. मानसिक आजाराची टक्केवारी ठरवण्यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. स्वतःची काळजी, इतरांशी संबंध, संवाद आणि काम या चार बाबी व आजाराचा कालावधी तिच्यात पाहिला जातो.

मग ज्यांच्याकडे ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, त्यांचं काय? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात याचं उत्तर दिलं. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या उमेदवाराला लेखनिक नाकारला गेला होता, कारण तो ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. वाजवी सोयीचा हक्क फक्त त्या टक्केवारीपुरता मर्यादित ठेवता येणार नाही, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. आरक्षण वेगळं आणि सोय वेगळी, हा फरक कॉलेजच्या कार्यालयात अजून पुरता पोहोचलेला नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क देतो. त्यामुळे विद्यार्थ्याचं निदान स्टाफरूममध्ये चर्चेला येणं हा केवळ असभ्यपणा राहत नाही.

२०२५ मध्ये काय बदललं?

विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करावी. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावं. आणि विद्यार्थ्यांना जाहीरपणे लाजवण्याचे प्रकार शक्यतो टाळावेत. डिफॉल्टर लिस्ट ग्रुपवर टाकणाऱ्यांनी हे शेवटचं तत्त्व पुन्हा वाचावं.

त्याआधी मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं.

हे सगळं आवश्यकच आहे. पण मुद्दा असा की समुपदेशकाला हजेरीच्या रजिस्टरवर कसलाही अधिकार नाही. तो मुलीला धीर देऊ शकतो, डॉक्टरकडे पाठवू शकतो. तिची टर्म वाचवू शकत नाही. उपचार एका खोलीत चालतात, वर्ष दुसऱ्या खोलीत बुडतं आणि या दोन खोल्यांचा एकमेकींशी पत्रव्यवहार नाही. पदवी पूर्ण व्हायची असेल तर आधी तो पत्रव्यवहार सुरू व्हायला हवा.

मग सवलत म्हणजे फुकटची पदवी का?

शिक्षकांकडून येणारा हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘उद्या सगळेच सर्टिफिकेट आणतील’ ही भीती खरी आहे. पावसाळी सहलीनंतर अचानक वाढणारी वैद्यकीय प्रमाणपत्रं कुठल्या क्लार्कने पाहिली नाहीत?

पण हात मोडलेल्या मुलाला लेखनिक देताना पेपर सोपा केला म्हणून कुणी ओरडत नाही. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका तीच, पास होण्याचे गुणही तेच. बदलतो तो फक्त तिथवर पोहोचायचा वेळ किंवा रस्ता. लेखी परीक्षांसाठी केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत प्रमाणित दिव्यांग उमेदवारांना तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा देण्याची तरतूद केली होती. त्याने पदवीची किंमत कमी झाली नाही.

खोट्या प्रमाणपत्रांवर उपाय आहे पडताळणी. शासकीय रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र, उपचार सुरू असल्याची नोंद आणि दोन-तीन जणांची छोटी समिती एवढं पुरेसं आहे. काही जण गैरफायदा घेतील म्हणून खऱ्या रुग्णांसाठी दार बंद ठेवणं, हा प्रशासनाच्या सोयीचा निर्णय आहे. त्याला गुणवत्तेचं नाव देऊ नये.

मध्ये ब्रेक घेतला तर परत येता येतं का?

येतं. पण लेखी अर्ज करून थांबणं आणि नुसतंच कॉलेजला जायचं बंद करणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये आणलेल्या पदवी आराखड्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्याला तीन वर्षांच्या आत परत येण्याची आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची मुभा आहे. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत जमा राहतात. त्याआधीच्या, २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अभ्यासक्रमाच्या नियमित कालावधीपेक्षा दोन वर्षं जास्त देण्याची तरतूद होती. इंजिनीअरिंग, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या त्या परिषदेचे आणि विद्यापीठाचे नियम लागतात. त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका.

पैशांची बाजूही आधीच विचारून घ्यावी. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांना खंड आणि नापास होण्याबाबतच्या अटी असतात आणि त्या योजनेनुसार बदलतात. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला नाही तर कमाल दोन वर्षांची मुदतवाढ देता येते. पण ती आपोआप मिळत नाही. बँकेला वेळेत कळवावं लागतं.

ब्रेक घेताना परतीची तारीख, परतल्यावर कोणते विषय आधी घ्यायचे आणि मधल्या काळात उपचार कुठे चालणार, या तीन गोष्टी कागदावर असाव्यात. ‘बरं वाटलं की बघू’ म्हणून घेतलेला ब्रेक लांबत जातो, कारण परत जाण्याची लाज दर महिन्याला वाढते.

घरच्यांनी काय करायचं?

पहिलं म्हणजे ‘किती केटी राहिल्या?’ हा प्रश्न रोजच्या फोनमधून काढायचा. त्याऐवजी झोप झाली का, जेवण झालं का, गोळी घेतली का, एवढं पुरे. विद्यार्थी १८ वर्षांवरील आहे, तेव्हा डॉक्टरशी किंवा प्राचार्यांशी बोलण्याआधी त्याला विचारायला हवं. त्याच्या पाठीमागे झालेली एक बैठक अनेक महिन्यांचा विश्वास घालवते.

दुसरं, परीक्षा आली म्हणून औषध बंद करू नका. ‘गोळ्यांनी झोप येते, महिनाभर थांबव’ हा सल्ला बहुतेक वेळा प्रेमापोटी दिला जातो आणि त्यातूनच आजार उलटतो. गुंगीचा त्रास असेल तर डोस किंवा वेळ बदलण्याबद्दल डॉक्टरांशी बोलता येतं.

तिसरं, एक फाइल करा. डॉक्टरांची चिठ्ठी, कॉलेजला दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच, फीच्या पावत्या. अर्ज तोंडी नको, आवक क्रमांकासह हवा. डॉक्टरांच्या पत्रात आजाराचं नाव असण्यापेक्षा गरज स्पष्ट असणं जास्त उपयोगी ठरतं. उदाहरणार्थ, ‘पुढील आठ आठवडे सकाळच्या तासांना उपस्थिती कमी राहू शकते, सबमिशनसाठी मुदतवाढ आवश्यक’. यातून कॉलेजला काय करायचं ते कळतं आणि गोपनीयताही राहते.

खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयांत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत सेवा मिळते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथला बाह्यरुग्ण विभाग म्हणजे ‘वेड्यांचं इस्पितळ’ नव्हे. केसपेपर काढून डॉक्टरांना भेटायचं आणि घरी यायचं, इतकंच ते असतं.

मित्र आणि शिक्षक काय करू शकतात?

मित्रांनी डॉक्टर व्हायची गरज नाही. बुडलेल्या लेक्चरच्या नोट्स पाठवणं, प्रॅक्टिकलच्या ग्रुपमध्ये नाव राखणं, सबमिशनच्या दिवशी ‘चल, मी पण येतो’ म्हणून सोबत जाणं, याने टर्म वाचते. आजारात सर्वांत अवघड असते ती सुरुवात. पहिलं पान कुणीतरी सोबत बसून लिहून घेतलं तर पुढची दहा पानं होतात.

शिक्षकांसाठी यंत्रणा आधीच आहे. आपल्या बहुतेक इंजिनीअरिंग कॉलेजांत वीस-पंचवीस मुलांमागे एक टीचर गार्डियन नेमलेला असतो. माझ्या कॉलेजच्या काळात त्यांचं काम सत्रातून दोनदा फॉर्मवर सही घेण्यापुरतं होतं. आजही अनेक ठिकाणी ते तेवढंच आहे. सलग आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाला टीजींनी एक फोन केला, तर बऱ्याच गोष्टी डिफॉल्टर लिस्टपर्यंत जाणारच नाहीत. हजेरी आता ॲपवर असते. तिसऱ्या दिवशी पालकांना मेसेज पाठवणारी यंत्रणा टीजींनाही कळवू शकते.

कॉलेजांनी नेमकं काय बदलावं?

चार गोष्टी. त्यांपैकी एकीलाही नवी इमारत किंवा मोठा निधी लागत नाही.

एक, वैद्यकीय रजा आणि परतीचा नियम एका पानावर, मराठीत, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत छापावा. कुणाकडे अर्ज करायचा, किती दिवसांत उत्तर मिळेल, परतल्यावर जागा आणि हॉस्टेलचं काय, हे त्यात असावं.

दोन, समुपदेशकाची शिफारस हजेरी समितीपुढे ग्राह्य धरावी, निदान न विचारता. अनेक विद्यापीठांत वैद्यकीय कारणासाठी हजेरीत काही टक्के सूट देण्याचा अधिकार आहेच. तो डेंग्यूला वापरला जातो, तसा नैराश्यालाही वापरावा.

तीन, कमी विषय घेऊन सत्र करण्याची सोय द्यावी. सहा विषयांत चार केटी लागण्यापेक्षा ठरवून घेतलेले तीन विषय पास होणं कधीही बरं. श्रेयांक पद्धतीत हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. वेळापत्रक आणि फीचे नियम मात्र अजून ‘सगळे एकत्र, एकाच वेगाने’ या जुन्या हिशेबाने चालतात.

चार, मोजणी करा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. हा आकडा दरवर्षी छापून येतो, आम्हीही छापतो. पण आजारपणामुळे किती विद्यार्थी थांबले, त्यातले किती परतले आणि किती जणांनी पदवी घेतली, हे कॉलेजच्या वार्षिक अहवालात छापलेलं दिसत नाही. प्लेसमेंटचे आकडे पहिल्या पानावर येतात. त्याखाली ही एक ओळ आली, तर पालकांना कॉलेज निवडायला मदत होईल आणि कॉलेजलाही कामाला लागावं लागेल.

पदवी सोडावीच लागली तर?

कधी कधी शाखा किंवा शहर बदलणं हाच योग्य निर्णय असतो. इंजिनीअरिंग सोडून घराजवळ बी.कॉम. करणारा मुलगा हरलेला नसतो. १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९८५ मध्ये स्थापन झालेलं इग्नू रोजच्या हजेरीशिवाय पदवी घेण्याचा मार्ग देत आहेत. पण हा निर्णय आजार शिगेला असताना घाईने घेऊ नये. डॉक्टरांशी बोलून, थोडं बरं वाटल्यावर, विद्यार्थ्याने स्वतः घ्यावा. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आठवडाभर थांबू शकतो.

प्रवेश घेताना काय विचारावं?

कॅप राउंडमध्ये कॉलेज निवडताना आपण कटऑफ, प्लेसमेंट आणि हॉस्टेलची मेस बघतो. त्यात तीन प्रश्नांची भर घाला. समुपदेशक पूर्णवेळ आहे का? वैद्यकीय कारणाने सत्र सोडलं तर परतीचा लेखी नियम दाखवाल का? दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सोयींसाठी जबाबदार व्यक्ती कोण? आपल्या मुलाला हे लागणार नाही असं वाटत असलं, तरी विचारा. दहा पालकांनी विचारलं तर अकराव्याच्या मुलासाठी तो कागद तयार असेल.

मदत हवी असल्यास : केंद्र सरकारच्या टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत असून २४ तास उपलब्ध आहे आणि मराठीतही बोलता येतं. विद्यार्थ्यासोबतच त्याचे पालक, मित्र आणि शिक्षकही फोन करू शकतात. जिवाला तातडीचा धोका वाटत असेल तर ११२ वर फोन करा आणि त्या व्यक्तीला एकटं सोडू नका.